मिस्त्री आहेत तोवर



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून प्रत्येक जण विचारतोय. मी वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करतोय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी.

इंजिन तसं लवकर सुरू झालं. खरी झुंज पत्र्याशी. मॅटखाली पावसाचं पाणी मुरतं आणि तळ आतून कुजतो. गंजावर नुसता रंग मारला, तर पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. म्हणून धड पत्रा लागेपर्यंत कापायचं, नवा तुकडा वेल्ड करायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग.

पण पत्र्याहून मोठी काळजी माणसांची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. या टॅक्सींच्या दुरुस्तीवर कितीतरी कारागिरांचं पोट होतं. नुसत्या आवाजावरून कार्बोरेटर लावणारे आमचे मिस्त्री आता सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. एखादा सुटा भाग लेथवर घडवून घेता येईल. तो कान कुठून आणायचा?

म्हणून दर रविवारी मी त्यांच्या हाताखाली शिकतो आणि सगळं वहीत उतरवतो. सर, ही वहीसुद्धा तपासायला आणणार आहे! आणि शाळेतल्या ज्या मुलामुलींना हात काळे करायची हौस असेल, त्यांना रविवारी खुशाल पाठवा. मिस्त्री आहेत तोवर.