परिचर्येचे विद्यालय बदलताना

परिचर्या शिकणारी मुलगी मध्येच विद्यालय बदलते, ती बहुधा हौसेने नव्हे. वडिलांची बदली, लग्न, न पेलणारा खर्च, क्वचित संस्थेची मान्यताच जाणे!

१९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद अभ्यासक्रम ठरवून देते. नोंदणी मात्र राज्याराज्याची परिषद वेगळी करते. त्यामुळे बेळगावहून सांगलीस येणारी मुलगी दीडदोनशे किलोमीटरांच्या आतच विद्यापीठ बदलते आणि परिषदही. अभ्यासाचे विषय तेच असले, तरी पहिले शिक्षण जमेस धरले जाईलच असे नाही.

लेखी परीक्षांचा हिशेब निदान गुणपत्रिकेत सापडतो. रात्रपाळ्या किती केल्या, किती बाळंतपणांत हात दिला, हे सारे प्रात्यक्षिकांच्या वहीत. तीवर पर्यवेक्षिकेची सही राहून गेली, की केलेले काम न केल्यासारखे होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीस प्रसूतिकक्षातील काम असेच पुन्हा करावे लागले. कामाचे तिला वाईट वाटले नाही. धाकट्या मुलींच्या तुकडीत बसणे मात्र जिवावर आले.

उलट दिशेने, सांगलीहून बेळगावास जाणारीला निराळाच पेच. खेड्यातून आलेल्या म्हातारीस 'कोठे दुखते?' हे कानडीत विचारता आले पाहिजे. ते कोणत्या प्रमाणपत्रात येणार?

म्हणून जुने विद्यालय सोडण्यापूर्वी वहीवरील प्रत्येक सही पुरी करून घ्यावी, तिची साक्षांकित प्रत जवळ ठेवावी, आणि नव्या ठिकाणी शुल्क भरण्याआधी दोन्ही परिषदांचे उत्तर लेखी मागावे. तोंडी आश्वासनावर ट्रंक बांधू नये.