तुटलेले वर्तुळ पुन्हा जुळले
(बर्लिनच्या वर्तुळाकार रेल्वेविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपल्यापुढे एका रेल्वेमार्गाची हकीकत मांडावयाची आहे. हा मार्ग जर्मनीची राजधानी बर्लिन येथील असून तो शहराच्या मध्यभागाला वळसा घालून जेथून निघतो तेथेच परत येतो. त्याची लांबी सुमारे ३७ किलोमीटर आहे आणि त्यावर २७ स्थानके आहेत. नवा मार्ग बांधल्याच्या कथा सर्व देशांत ऐकावयास मिळतात. परंतु भरभराटीस आलेला मार्ग मोडला, रुळांवर झाडे उगवली आणि त्यानंतर तो पुन्हा चालता झाला, अशी उदाहरणे थोडी. म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी वाटते.

प्रशिया राज्यातील पहिली रेल्वे बर्लिन आणि पॉट्सडॅम यांच्या दरम्यान १८३८ साली सुरू झाली. पुढे निरनिराळ्या दिशांना रेल्वेमार्ग निघाले आणि प्रत्येकाचे अखेरचे स्थानक शहराच्या कडेला स्वतंत्रपणे उभे राहिले. एका मार्गाने आलेला माल दुसऱ्या मार्गाने पुढे पाठवावयाचा तर मोठी अडचण होई. १८५१ साली ही स्थानके एका जोडमार्गाने जोडण्यात आली. पण तो रस्त्यांच्याच पातळीवर असल्याने गाडी आली की रहदारी खोळंबे. तेव्हा शहराबाहेरून, मोकळ्या शेतजमिनीतून, वळसा घालणारा मार्ग बांधण्याचे ठरले. त्याचा पूर्वेकडील भाग १७ जुलै १८७१ रोजी मालगाड्यांसाठी खुला झाला, १ जानेवारी १८७२ पासून त्यावर प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि १५ नोव्हेंबर १८७७ रोजी वर्तुळ पूर्ण झाले.

बैलगाडीचे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. तुंब्यापासून आरे निघतात. परंतु आऱ्यांना बाहेरून बांधणारी धाव नसेल तर चाक चालत नाही. बाहेरगावचे रेल्वेमार्ग हे आरे मानले तर हा वर्तुळमार्ग त्यांची धाव होय. प्रारंभी ज्या शेतांतून तो गेला तेथे पुढे चाळी, कारखाने आणि वसाहती उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनांची जागा विजेच्या गाड्यांनी घेतली आणि कामगार, विद्यार्थी, व्यापारी अशा सर्वांचा हा रोजचा मार्ग झाला.

यानंतर विपत्तीचा काळ आला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे विभाजन झाले. परंतु संपूर्ण बर्लिनमधील रेल्वे चालविण्याचे काम पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडेच राहिले. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद करण्यात आली आणि हे वर्तुळ दोन ठिकाणी तोडले गेले. पश्चिम बर्लिनमध्ये गाड्या चालूच होत्या, मात्र त्यांच्या तिकिटाचा पैसा पूर्वेकडील राजवटीला मिळतो, या रागाने तेथील नागरिकांनी या रेल्वेवर बहिष्कार घातला. रुळांना समांतर बसगाड्या धावू लागल्या. जेथे गर्दी मावत नसे तेथे रिकामे डबे फिरू लागले. उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या कमी झाल्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेले प्रवासीही गेले. सप्टेंबर १९८० मध्ये पश्चिमेकडील रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप केला. संप मिटला, पण वर्तुळाच्या पश्चिम भागातील गाड्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. रूळ गंजले, फलाटांवर गवत माजले आणि खडीतून बर्च वृक्षांची रोपे वर आली.

मंडळी, येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाड्या बंद झाल्या, तरी त्या मार्गाची जमीन मोडीत निघाली नाही. त्या पट्ट्यावर सलग घरे उठली नाहीत. भराव आणि खोदलेले मार्ग जागेवर राहिले. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत पडली आणि पुढील वर्षी देश एक झाला, तेव्हा वर्तुळ जोडण्याची इच्छा धरावयास आधार होता, तो या राखलेल्या जमिनीचा. रूळ पुन्हा टाकता येतात. भर वस्तीतून गमावलेला पट्टा परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते.

तरीही काम एका दिवसात झाले नाही. पूल, फलाट, सिग्नल, वीजपुरवठा, सर्वच नव्याने करावे लागले. १७ डिसेंबर १९९३ रोजी दक्षिणेकडील भाग सुरू झाला. १९९७ साली पूर्व आणि पश्चिम यांमधील एक तुटलेला सांधा जुळला, २००१ साली दुसरा जुळला, आणि जून २००२ मध्ये उत्तरेकडील शेवटचा तुकडा जोडला जाऊन वर्तुळ पुरे झाले. संपापासून मोजले तर यास जवळजवळ बावीस वर्षे लागली. प्रत्येक तुकडा पुरा होताच तो लोकांच्या उपयोगी पडू लागला. सर्व काम संपेपर्यंत कोणी वाट पाहत बसले नाही.

तथापि गाड्या अखंड वर्तुळात फिरू लागल्या त्या २८ मे २००६ पासून. यामागील गणित शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य सांगावे. दर पाच मिनिटांनी गाडी हवी आणि फेरी साठ मिनिटांची असेल, तर एका दिशेला बरोबर बारा गाड्या लागतात. फेरीला बासष्ट मिनिटे लागली की सारा हिशेब विसकटतो. वर्तुळाला अखेरचे स्थानक नाही, त्यामुळे झालेला उशीर भरून काढण्यासाठी थांबावयास जागाही नाही. म्हणून गाडीचा वेग, दारे उघडण्याचा वेळ आणि सिग्नल यांचा काटेकोर मेळ घालावा लागतो.

या मार्गाची उपयुक्तता त्याच्या सांध्यांत आहे. अनेक स्थानकांवर भुयारी रेल्वे, ट्राम किंवा दूरच्या गाड्या मिळतात. आपल्या राजधानीतही सुमारे ३५ किलोमीटरची वर्तुळाकार रेल्वे आहे. ती १९७५ साली मालगाड्यांसाठी सुरू झाली आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने प्रवाशांसाठी सुधारण्यात आली. परंतु बस आणि इतर वाहनांशी तिच्या स्थानकांची जोड पुरेशी न झाल्याने तिला प्रवासी थोडेच लाभले. नुसते रूळ असून भागत नाही, ते यावरून दिसते.

पुनरुज्जीवन झाले म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. २००९ साली बर्लिनमध्ये एका गाडीचे चाक मोडले. चाकांच्या तपासणीतील हयगय उघडकीस आली आणि बहुसंख्य गाड्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. मोठ्या कष्टाने जोडलेली सेवा देखभालीतील ढिलाईने विस्कळीत झाली.

आपल्या गावांतून वर्तुळाकार रेल्वे जात नाही, हे मी जाणतो. परंतु वापरात नसलेली गाडीवाट, बुजत चाललेला ओढा, ओस पडलेला सार्वजनिक तलाव प्रत्येक गावी असतो. "आज याचा काय उपयोग?" असे म्हणून आपण त्यात हळूहळू कुंपणे सरकवितो. वीस वर्षांनी गरज पडते, तेव्हा वाट केवळ नकाशावर उरलेली असते. ग्रामस्थांनी अशा जागा राखाव्यात, अधिकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी चोख ठेवाव्यात आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांचे नकाशे काढवून घ्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. आज जे चालविणे शक्य नाही, ते उद्या चालविता येईल इतके तरी शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे.