दूरध्वनीमागची वीज

घरांतील दिवे एकाएकीं गेले, पंखा थांबला, सगळी आळी काळोखांत बुडाली, आणि अशा वेळीं टेबलावरचा तारेचा टेलिफोन मात्र नेहमीप्रमाणें खणखणूं लागला, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. शाळेंत असतांना मुलें मला विचारीत, “गुरुजी, वीज तर गेली आहे, मग टेलिफोन कशावर बोलतो?” प्रश्न साधा, पण माझ्याजवळ त्याचें उत्तर नव्हतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; भूगोल आणि गणित शिकवण्यांत माझी हयात गेली. हें उत्तर मला मिळालें तें पुस्तकांत नव्हे, तर आमच्या गांवीं टेलिफोन एक्सचेंज आलें त्या सालीं. आणि त्याबरोबर माझी एक चूकही माझ्या पदरांत पडली. त्या दोहोंची हकीकत आज आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम उत्तर सांगतों. आपल्या घरीं येणारी वीज उलटसुलट वाहणारी आहे. खाडीचें पाणी जसें भरतीला आंत येतें आणि ओहोटीला बाहेर जातें, तशी ती सेकंदांत पन्नास वेळां ये-जा करते. दिव्याला किंवा पंख्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं. टेलिफोनच्या यंत्रांना मात्र एकाच दिशेनें, नदीसारखा वाहणारा, शांत प्रवाह लागतो. त्यांत जराशी लाट राहिली तरी ती ऐकणाऱ्याच्या कानांत गुणगुणते. म्हणून एक्सचेंजमध्यें एक यंत्र बसवितात, त्याला रेक्टिफायर म्हणतात. पाण्याच्या नळांत एकाच बाजूस उघडणारी झडप असते ना, तशा विजेच्या झडपा त्यांत असतात. त्या भरती-ओहोटीचा प्रवाह एका दिशेला वळवितात, आणि पुढचे भाग त्यांतील लाटा निववितात.

हा प्रवाह ४८ व्होल्टचा असतो. दोन-दोन व्होल्टचे २४ घट एकापुढें एक जोडले कीं हा दाब मिळतो. रेक्टिफायर दोन कामें एकाच वेळीं करतो: यंत्रांना वीज पुरवितो आणि बॅटरी भरलेली ठेवतो. बाहेरची वीज गेली कीं बॅटरी तत्क्षणीं भार उचलते. मध्यें कोणी कळ फिरवावी लागत नाहीं, बोलणें तुटत नाहीं. आपल्या घरचा टेलिफोनही तांब्याच्या तारेंतून त्याच बॅटरीवर चाले. मुलांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

आणखी एक गंमत अशी, कीं या ४८ व्होल्टांचें धन टोंक जमिनीला जोडलेलें असतें आणि ऋण टोंक यंत्रांकडे जातें. कारण साधें आहे. ओलसर जमिनींतून प्रवाह थोडाफार झिरपतोच. आणि ज्या धातूंतून तो बाहेर पडतो तो धातू झिजतो. तार ऋण ठेवली म्हणजे प्रवाह जमिनींतून तारेकडे येतो, आणि तांब्याची तार खाल्ली जाण्यापासून वांचते. ही युक्ति शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आजच्या नव्यांतल्या नव्या यंत्रांतही टिकून आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें पहिलीं एक्सचेंजें १८८२ सालीं उघडलीं. पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्येंच केली होती. पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर अमेरिकेंत कूपर ह्यूइटनें १९०२ सालीं बनविला. पुढें सेलेनियम आलें, मग सिलिकन आलें. आणि आतां प्रवाहाचे सेकंदांत हजारों तुकडे करून तो पुन्हां सांधणारीं, एका हातानें उचलतां येतील एवढीं आटोपशीर यंत्रें आलीं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत टेलिफोन खऱ्या अर्थानें पोंचला तो १९८४ सालीं सी-डॉट ही संस्था निघाल्यावर. तिचें पहिलें लहान ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्यें कर्नाटकांत कित्तूर येथें सुरू झालें. उकाडा-धुळींतही वातानुकूलनावांचून चालणारें तें यंत्र होतें.

तसलेंच एक एक्सचेंज १९९५ च्या उन्हाळ्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या खाडीकांठच्या गांवीं आलें. शाळेलगतची एक खोली त्यासाठीं दिली होती. एप्रिलची सुटी असल्यामुळें मी रोज तेथें जाऊन बसे. काम पाहणारे इंजिनिअर वयानें माझ्याएवढेच, मितभाषी आणि हट्टी होते. आम्ही त्यांना साहेब म्हणत असूं. ते मला गुरुजी म्हणत. उद्घाटनाची तारीख ठरली होती, मोठे पाहुणे येणार होते, आणि समारंभ-समितीचा चिटणीस मी होतों.

माझी कल्पना अशी, कीं यंत्र आणावें, तारा जोडाव्या, कळ दाबावी. साहेबांचे पहिले तीन दिवस खड्डे खणण्यांत गेले! जमिनीशीं जोडणी, जिला आपण अर्थिंग म्हणतों, ती चांगली नसेल तर आभाळांतली वीज जवळपास पडतांच यंत्रें भाजून निघतात. आमची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यांत ती खापरासारखी कोरडी. पहिल्या खड्ड्याचा रोध अकरा ओहम आला. साहेबांनीं मान हलविली. मग विहिरीकडच्या उतारावर, जेथें ओल कधीं आटत नाहीं, तेथें नवे खड्डे घेतले, कोळसा आणि मीठ भरलें, आणि सर्व एका पट्टीनें जोडले. रोध दोनाच्या आंत आला तेव्हां कुठें ते चहा प्याले.

मग घट रचले. प्रत्येक घट उचलायला दोन माणसें लागत. हात लावण्यापूर्वीं साहेबांनीं सर्वांच्या अंगठ्या व घड्याळें काढून ठेवविलीं. मला हंसूं आलें, तेव्हां ते म्हणाले, “गुरुजी, दोन व्होल्टनें झटका बसत नाहीं, हें खरें, पण दोन टोंकांमध्यें लोखंडी पाना पडला, तर शेंकडों अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. अंगठी बोटांतच वितळेल.” त्यांच्या पान्यांना रबरी वेष्टण होतें. प्रत्येक बोल्ट किती जोरानें आवळावा तेंही मापून ठरलेलें. सैल राहिला तर तापतो, फार आवळला तर शिशाचें टोंक चेपतें.

जोडणी झाली तरी कळ दाबली नाहीं. रेक्टिफायरचीं तीन यंत्रें खोबणींतून बाहेर काढून आधीं नुसत्या तारांचें आवरण कोठें फुटलेलें नाहीं ना, हें मोठ्या दाबाच्या मीटरनें पाहिलें. नंतर एकच यंत्र बसवून, बॅटरीही नाहीं आणि भारही नाहीं अशा स्थितींत, तें चालू केलें. धन कोणतें, ऋण कोणतें, हें मीटरनें ताडून पाहिलें. कारण येथें उलट जोडणी झाली तर सगळें एक्सचेंज क्षणांत जळतें. भरलेली बॅटरी सांभाळण्यासाठीं दर घटाला २.२५ म्हणजे एकूण ५४ व्होल्ट, आणि रिती झालेली भरण्यासाठीं २.३ म्हणजे ५५.२ व्होल्ट, हे दोन दाब बसविले. माझें गणित तेथें प्रथमच उपयोगी पडलें. गुणाकार मी तोंडी सांगितले.

तिन्ही यंत्रें बसवून कृत्रिम भार जोडला, आणि तिघें सारखेंच ओझें उचलतात कीं नाहीं तें पाहिलें. मग साहेबांनीं चालतें एक यंत्र खसकन् बाहेर ओढलें. माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण काटा हललाही नाहीं. दोघांनीं तिसऱ्याचें ओझें वांटून घेतलें, आणि धोक्याची घंटा तेवढी वाजली. “तीन ठेवावयाचीं तीं यासाठीं,” ते म्हणाले. “काम दोघांचें, तिसरा दोघांपैकीं एक आजारी पडेल त्या दिवसासाठीं.” शेवटीं रेक्टिफायरचा दाब बॅटरीच्या दाबाइतका खालीं आणून मग फ्यूज बसविला, म्हणजे जोडतांना ठिणगी उडूं नये, आणि नंतर तो हळूहळू ५४ वर नेला.

हें सर्व उद्घाटनाच्या दोन दिवस आधीं आटोपलें. घंटा वाजे, दिवे लुकलुकत, तालुक्याला बोलणें होई. मी पाहुण्यांना निश्चितीची तार केली. साहेब म्हणाले, “आतां बॅटरीची परीक्षा.”

ही परीक्षा म्हणजे बॅटरी पूर्ण भरून, बाहेरची वीज तोडून, ती ठरीव प्रवाहानें रिती करीत जावयाची, आणि ठराविक वेळानें प्रत्येक घटाचा दाब लिहावयाचा. आमची बॅटरी २०० अँपिअर-तासांची. २० अँपिअरनें तिनें दहा तास टिकावें, आणि तोंपर्यंत कोणताही घट १.७५ व्होल्टच्या खालीं जाऊं नये. साहेबांनीं पहांटे सुरुवात केली. मी वही धरून आंकडे लिहीत होतों. पांच तास सगळे घट एका पंगतींत चालले. सहाव्या तासाला सातवा, बारावा आणि एकोणिसावा असे तीन घट एकदम कोसळले. ते घट गोदामांत कित्येक महिने न भरतां पडून राहिले होते, आणि आंतून कडक झाले होते. पुन्हां भरून पाहिले. पुन्हां तोच निकाल.

साहेब म्हणाले, “हे तीन बदलल्यावांचून मी सही करणार नाहीं.”

श्रोतेहो, त्या संध्याकाळीं मीं त्यांना पुष्कळ बोलून घेतलें. मांडव उभा होता, मुलींनीं स्वागतगीत बसविलें होतें, पाहुणे निघाले होते. “साहेब, वीज असतांना तर सर्व ठीक चालतें आहे ना? घट मागाहून बदला. एका आंकड्यासाठीं साऱ्या गांवाची फजिती करतां?” असे माझे शब्द होते. त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “गुरुजी, वीज असतांना बॅटरी कोणालाच लागत नाहीं.” मला तें उर्मटपणाचें वाटलें. समारंभ रद्द झाला. नवे घट यायला अठरा दिवस लागले. परीक्षा पुन्हां झाली, दहा तास पुरे भरले, आणि एक्सचेंज एका दुपारीं हारतुऱ्यांवांचून सुरू झालें. मी त्या दिवशीं तिकडे फिरकलों नाहीं. त्यांना निरोपही दिला नाहीं.

त्याच सालच्या जुलैमध्यें मोठें वादळ झालें. दुपारीं चारच्या सुमारास विजेचे खांब पडले. ओढा रस्त्यावरून वाहूं लागला. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां चौथींतल्या एका मुलीला गवत काढतांना फुरसें चावलें. नेहमीप्रमाणें तिला होडींत घालून तालुक्याला नेण्याची सर्वांची घाई. पण मीं आधीं टेलिफोन उचलला. तो जिवंत होता. तालुक्याच्या डॉक्टरांनीं सांगितलें, “येथें लस संपली आहे, इकडे आणूं नका. पलीकडच्या काठावर मोटार पाठवितों, तेथून थेट जिल्ह्याच्या रुग्णालयांत न्या.” मुलगी वांचली. आज ती दोन मुलांची आई आहे.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून मीं ती जुनी वही काढली. एक्सचेंजचा खरा भार सुमारें आठ अँपिअर. २०० भागिलें ८, म्हणजे पंचवीस तास. ते तीन दुबळे घट राहिले असते, तर बॅटरीचे सहा दशांशच हाताशीं, म्हणजे १२० अँपिअर-तास. भागिलें ८, म्हणजे पंधरा. पुढें हे घट साफ बसतात, उलट ओझें होतात, दाब घसरतो, आणि यंत्र आपणच सुटतें. वीज गेली चार वाजतां. पंधरा तास म्हणजे सकाळचे सात. मीं टेलिफोन उचलला तो दहा वाजतां, अठराव्या तासाला. मुलांना असलीं उदाहरणें मीं फळ्यावर शेंकडों घातलीं असतील. पण हें उदाहरण पुन्हां पुन्हां करूनही उत्तर बदलेना. माझें ऐकलें असतें, तर त्या सकाळीं मुलगी होडींतून लस नसलेल्या गांवीं गेली असती. साहेबांना मीं पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचें उत्तर दोन ओळींचें होतें: मुलीची प्रकृति कशी आहे, आणि घटांची तिमाही मोजणी कोणी करतो कीं नाहीं.

आतां तांब्याच्या तारा बहुतेक ठिकाणीं गेल्या. काचेचा तंतु आणि खिशांतला मोबाईल आला. काचेच्या तंतूंतून वीज येत नाहीं, म्हणून तसल्या टेलिफोनला घरींच विजेची सोय लागते. मोबाईलच्या मनोऱ्याखालच्या पेटींत मात्र तोच रेक्टिफायर आणि तेच ४८ व्होल्ट असतात. शिशाच्या घटांऐवजीं कोठें कोठें लिथियमचे आले आहेत, एवढाच फरक. बॅटरी गुपचूप म्हातारी होते, ही गोष्ट तर मुळींच बदललेली नाहीं. शिशाच्या बंद घटाचें आयुष्य सुमारें दर दहा अंश जादा उष्णतेला निम्मे होतें. पत्र्याच्या खोलींत तो किती दिवस टिकेल, याचा अदमास आपणच करावा.

शहरांत आपल्या घरीं इन्व्हर्टर असेल, इमारतीच्या लिफ्टला आधाराची बॅटरी असेल, कोणा रुग्णाच्या उशाशीं प्राणवायूचें यंत्र असेल. हिरवा दिवा लागला आहे म्हणून निश्चिंत राहूं नका. तो वीज असल्याचें सांगतो, बॅटरीचें सामर्थ्य सांगत नाहीं. वर्षांतून दोनदां, सोयीच्या दिवशीं, रुग्णाच्या यंत्राला दुसरा आधार लावून, मुख्य वीज मुद्दाम बंद करा, घड्याळ लावून बसा, आणि बॅटरी किती वेळ टिकते तें एका वहींत लिहून ठेवा. मागच्या वेळेपेक्षां आंकडा पुष्कळ उतरला, तर ती बदला. त्यावेळीं घरांत कोणी तरी माझ्यासारखें म्हणेल, कीं सगळें चाललें असतांना हा खटाटोप कशाला? त्यांना माझी ही हकीकत अवश्य सांगा.