कलमाझूची झोप

(मंडळाच्या वासंतिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्टॅटिस्टिक्सवर भाषण, आणि तेही श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर! म्हणून उदाहरण झोपेचंच निवडलंय. कोणाला डुलकी लागलीच, तर ती विषयाला धरूनच आहे असं मी समजेन.

झालं असं, की माझ्या बायकोनं इथल्या कॉलेजात सायकॉलॉजी घेतलं. बारा वर्षांनी पुन्हा वही-पेन. बाकी सगळं मजेत चाललं होतं, पण स्टॅटिस्टिक्सपाशी गाडी अडली. एका रात्री म्हणाली, "मला नाही जमायचं हे. सोडूनच देते कोर्स." मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? आण इकडे."

होमवर्कमध्ये आकड्यांचे दोन रकाने होते. दहा मनोरुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक औषधानं कोणाला किती तास जादा झोप लागली याची नोंद. पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याची २.३३. प्रश्न असा, की हा फरक खरा की योगायोगाचा?

अशा वेळी आधी मुद्दाम उलट बाजू धरायची असते. दोन्ही औषधं सारखीच, फरक काही नाही, असं मानून चालायचं. याला म्हणायचं नल हायपॉथिसिस. मग विचारायचं, की हे खरं असेल तर समोर आलेले आकडे कितपत चमत्कारिक आहेत? ते मोजायचं माप म्हणजे टी. सरासरीतल्या फरकाला आकड्यांच्या डगमगीनं भागायचं. फरक मोठा आणि डगमग कमी, तर टी मोठा.

मी दोन वेगळ्या गटांची टी-टेस्ट लावली. उत्तर आलं १.८६. पुस्तकातल्या तक्त्यात सीमा २.१०. "झालं. फरक सिद्ध होत नाही," मी लॅपटॉप मिटत म्हटलं.

ती रकान्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, पण दोन्हीकडे माणसं तीच आहेत ना?"

आता बोला! तीच होती. एखाद्याला कुठल्याही औषधानं भरपूर जादा झोप, एखाद्याला कशानंच नाही. माणसामाणसांतला तो फरक मी डगमगीत धरला होता, आणि औषधाचा फरक त्यात बुडून गेला होता. तिनं प्रत्येक रुग्णाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधानं जास्त झोप, एकाला सारखीच. वजाबाक्यांची सरासरी १.५८ तास, त्यांचं प्रमाण विचलन १.२३. त्याला दहाच्या वर्गमुळानं भागलं की ०.३९. आणि १.५८ भागिले ०.३९ म्हणजे चारच्या किंचित वर. इथे सीमा २.२६. आकडे तेच वीस, निकाल उलटा!

पुढे मी आणखी एक घोळ घातला. कॉम्प्युटरनं पी-व्हॅल्यू दिली ०.००३. तिनं विचारलं, "म्हणजे औषधं सारखी असण्याची शक्यता हजारात तीन?" मी ठोकून दिलं, "बरोबर." प्रोफेसरांनी त्यावर लाल काट मारली. पी सांगते ते एवढंच, की औषधं सारखी असती तर इतका किंवा याहून मोठा फरक हजारात तीनदाच दिसला असता. ऐकायला एकच वाटतं, पण नाही. मराठी माणूस चहा पिणारा असण्याची शक्यता भरपूर. म्हणून या गावात चहा पिणारा प्रत्येक जण मराठी निघेल का? असो. मार्क तिचे गेले, चूक माझी होती.

आता गंमत ऐका. हे आकडे आपल्याच मिशिगनमधले, कलमाझूच्या मनोरुग्णालयातले. ॲन आर्बरचे प्राध्यापक कुश्नी आणि त्यांचे सहकारी पीबल्स यांनी ते १९०५ साली प्रसिद्ध केले. ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेटच्या हाती लागले. गॉसेट मूळचा रसायनशास्त्राचा माणूस. त्याची अडचण अशी, की बार्लीचे नमुने मोजकेच मिळत, आणि तेव्हाची गणितं मोठ्या संख्येसाठी होती. मोजक्या नमुन्यांत डगमग किती हेच धड कळत नाही. मग सीमा १.९६ वर ठेवून भागत नाही, ती वाढवावी लागते. हे त्यानं १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका'त मांडलं आणि उदाहरणाला ही झोप घेतली. कारखान्याच्या नियमामुळे स्वतःचं नाव न घालता 'स्टुडंट' या नावानं लिहिलं. म्हणून स्टुडंट्स टी-टेस्ट. मी इतकी वर्षं समजत होतो, विद्यार्थ्यांना छळायची म्हणून! आणि त्या लेखात गणित चोख असलं, तरी औषधांची नावं मात्र चुकली होती. हे वाचून मला फार बरं वाटलं.

पी ०.०५ च्या खाली, म्हणजे निकाल पक्का, ही सवय फिशरच्या १९२५ च्या पुस्तकापासून रुळली. पण वीस निरुपयोगी औषधं तपासलीत, तरी सरासरीनं एक त्या रेषेखाली जाणारच. आणि छापून येतं ते तेवढंच. २०१५ मध्ये सायकॉलॉजीतले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळचे ९७ रेषेखाली होते, पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के. बायको म्हणाली, "मग आम्ही पुस्तकात शिकतोय ते काय?" याचं उत्तर मी दिलं नाही. शहाणा झालो होतो.

गेल्या उन्हाळ्यात आय-९४ नं शिकागोला जाताना आम्ही कलमाझूला मुद्दाम उतरलो. त्या रुग्णालयाचा किल्ल्याच्या बुरुजासारखा जुना पाण्याचा मनोरा अजून उभा आहे. मुलं कंटाळली. ही मात्र बराच वेळ बघत होती. म्हणाली, "त्या दहा जणांना कोणी विचारलं असेल का रे?"

कोर्स तिनं सोडला नाही. पुढच्या सत्रात रिग्रेशन आहे. अजून तरी माझी मदत मागितलेली नाही.