उसातील तणनाशक आणि ओढ्यातील शेवाळ
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवला की घसरतो. त्या बुळबुळीत थराला शेवाळ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यात डायटमसारखी एकपेशीय शेवाळे, निळे-हिरवे जीवाणू आणि इतर असंख्य सूक्ष्मजीव एकत्र नांदत असतात. गोगलगायी, बेडकांची पिल्ले, कित्येक मासे हाच थर खरवडून खातात. पाण्यात प्राणवायू सोडणारा आणि वाहून आलेली घाण पचवणारा कारखानाही तोच.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात उसाच्या लागणीनंतर अ‍ॅट्राझीन फवारणे नित्याचे झाले आहे. मजूर मिळत नाहीत, खुरपणी परवडत नाही, हे खरेच. तेव्हा तणनाशक वापरूच नका असे मी म्हणणार नाही. पण त्याचे काम कसे चालते ते पाहा. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची तणाची यंत्रणा ते बंद पाडते. ऊस आणि मका हे औषध पचवतात म्हणून वाचतात. शेवाळाची यंत्रणा मात्र तणासारखीच! पाण्यात मात्रा वाढली की थराची वाढ खुंटते, नाजूक जाती मागे पडतात आणि औषध सोसणाऱ्या उरतात. थर पुन्हा हिरवा दिसला तरी तो पूर्वीचाच असेल असे नाही.

शेतात मातीतले जीवाणू अ‍ॅट्राझीनचे विघटन करतात. काही तर त्यातल्या नत्रावर जगतात. पाण्यात गेलेले औषध मात्र फार हळू नाहीसे होते. भूजलात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली जाणार नाही याची खात्री देता येईना, म्हणून युरोपीय संघाने २००४ साली त्याची परवानगी काढण्याचा निर्णय घेतला. हिशेब करा: अवघे १ ग्रॅम अ‍ॅट्राझीन १ कोटी लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेते. शेवाळाला अपाय व्हायला याहून पुष्कळ जास्त मात्रा लागते; परंतु लहान ओढ्याला फवारणीनंतरचा पहिला जोराचा पाऊस किंवा त्यात विसळलेला पंप पुरतो.

म्हणून पंप ओढ्यावर धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि त्याच शेतात फवारा. या औषधाला जमिनीत ओल लागते, पण आभाळ भरून आले असेल तर फवारणी पुढे ढकला. ओढ्याच्या काठाने गवताची पट्टी राखा, तिथे फवारू नका. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले तर तण मुळातच कमी उगवते. मग जिथे दिसेल तिथे खुरपे चालवले तरी भागते.