सावित्रीच्या खोऱ्यातले सांडपाणी

ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला, त्याच महाडच्या सावित्री खोऱ्यात सांडपाण्यावरची आपली ही परिषद भरते आहे. हक्काचे ते पाणी पिण्याजोगे राखण्याची जबाबदारी आता आपल्याकडे आहे.

मोरीचे आणि संडासाच्या टाकीचे पाणी शोषखड्ड्यात सोडले की गटार दिसेनासे होते, नत्र मात्र जात नाही. मूत्रातल्या नत्राचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते मातीला न चिकटता कातळाच्या भेगांतून विहिरीकडे सरकते. पाणी उकळूनही ते जात नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करते, म्हणून भारतीय मानकाने लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत, म्हणजे खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून खडीच्या आतून सांडपाणी फिरवणे, इथे उपयोगी पडेल असे माझे ठाम मत आहे. पण झाडेच सगळा नत्र शोषतात, हा समज सोडायला हवा. त्यांचा वाटा बहुधा लहान असतो. मोठे काम मुळांभोवतीचे आणि खडीवरचे जिवाणू करतात. अमोनियाचे नायट्रेट व्हायला हवा लागते, नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू व्हायला हवा चालत नाही. म्हणून आधी थांबून-थांबून पाणी सोडलेला वाफा आणि पुढे कायम भिजलेला वाफा, अशी जोडी हवी. कर्दळ वेळेवर कापली नाही, तर तिची पाने कुजून शोषलेला नत्र पुन्हा पाण्यात उतरतो.

जागा कुठून आणायची, असे विचारले जाते. उष्ण हवेत माणशी एक-दोन चौरस मीटर धरले, तर पाचशे वस्तीच्या वाडीला पाच ते दहा गुंठे लागतील. डासांची भीती रास्त आहे, पण पाणी खडीच्या पृष्ठाखाली राहिले तर त्यांना अंडी घालायला जागाच उरत नाही. खरी अडचण आपल्या पावसाची. पागोळ्यांचे आणि डोंगरउताराचे पाणी वाफ्यात शिरले तर सांडपाणी शुद्ध न होताच वाहून जाईल. त्यासाठी वेगळी पन्हळ आणि उंच बांध, हा खर्च आधीच धरावा लागेल. कारखान्यांच्या रसायनांवर मात्र हा उपाय नव्हे, तिथे कारखान्याच्या आवारातच प्रक्रिया हवी. माझी प्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे, की आपापल्या प्रकल्पांचे सादरीकरण करताना आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया व नायट्रेट किती, हे आकडे उन्हाळ्याचे वेगळे आणि आषाढातले वेगळे असे मांडावेत.