राखणदार वेगळा हवा

कर्जतजवळच्या दहिवलीसारख्या गावातही आज पतसंस्था, दवाखाना, शाळा, करसल्लागार अशा सगळ्यांचा कारभार संगणकावर आला आहे. एका कार्यालयात चार-पाच संगणक एकमेकांना जोडलेले असतात. त्यांतली माहिती रोज रात्री एका वेगळ्या संगणकावर आपोआप उतरवून ठेवायची, याला नेटवर्क बॅकअप म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे याची चौकशी आपण करतो. पण ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवायचे, हे मात्र संगणक विकणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. वास्तविक हा निर्णय मालकाने किंवा संचालक मंडळाने स्वतः समजून घ्यावा असा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची मूळ कारभारी. कोणती फाईल कुठे ठेवायची, कोणाला उघडू द्यायची, कोणाला अडवायचे, हे ती ठरवते. तिच्यातच भगदाड असेल तर वर बसवलेले बॅकअपचे सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

याचे मोठे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात घडले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमचा हल्ला झाला आणि उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विंडोजमधील एका जुन्या त्रुटीचा हा प्रोग्रॅम फायदा घेत असे. शिवाय एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तो शेजारच्या संगणकात शिरत असे. त्यामुळे त्रुटी बुजवलेले संगणकही वाचले नाहीत. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितले, की कंपनीला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

यातली खरी शिकवण पुढेच आहे. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती बाळगून होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. पण सगळे एकाच पद्धतीचे आणि एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच गेले. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार वाचला तो फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती!

आपण वीज जाण्यावर विसंबून राहू शकत नाही. म्हणून पहिला नियम असा, की बॅकअपचा संगणक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर असावा. आपल्याकडे हिशेबासाठी टॅली वापरतात आणि ते विंडोजवर चालते. तेव्हा टेबलावरचे संगणक विंडोजचेच राहणार. मग बॅकअपला लिनक्स घ्यावे. लिनक्सला कीड लागतच नाही असे नव्हे, पण एकच कीड दोन्ही शेते खाण्याची शक्यता बरीच कमी होते. ‘बॅक्युला’ किंवा ‘बॅकअपपीसी’ या मोफत सॉफ्टवेअरचा मुख्य भाग लिनक्ससारख्या प्रणालीसाठीच आहे आणि विंडोजवरच्या फाईल ती व्यवस्थित उचलतात.

बॅकअपच्या संगणकाने स्वतः जाऊन माहिती आणावी, हेही महत्त्वाचे. बॅकअपचे फोल्डर सगळ्यांच्या संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून उघडे ठेवले, तर शिरलेला चोर तेही कुलूपबंद करतो. पासवर्डही वेगळा हवा.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. फुकटच्या प्रणालीही अमर नसतात. सेंटओएस ८ ही लिनक्सची आवृत्ती २०१९ मध्ये आली. ती २०२९ पर्यंत चालेल असे मानून अनेकांनी बसवली, पण २०२१ च्या अखेरीस तिचे पाठबळ थांबले. म्हणून मागे कोण उभे आहे ते पाहावे. डेबियन किंवा उबंटूच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. लहान कार्यालयाला तेवढे पुरे.

तिसरा प्रश्न माणसाचा. रात्री डिस्क बिघडली तर कोण येणार? लिनक्स जाणणारा कोणीच हाताशी नसेल, तर नीट अद्ययावत ठेवलेले विंडोज बरे, पण स्वतंत्र पासवर्डचे आणि इतर कोणत्याही कामाला न वापरलेले. लिनक्स निवडले, तर माहिती परत कशी मिळवायची याच्या पायऱ्या मराठीत कागदावर लिहून तो कागद कपाटात ठेवावा. बसवणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तरी कार्यालय अडता कामा नये.

आता आपल्या गावापुरते. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच आणि बॅटरी संपत आल्यावर संगणक आपोआप नीट बंद होईल अशी सोयही हवी. उल्हास नदीच्या काठावर राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ चा पूर आठवत असेल. पाण्यापुढे विंडोज काय आणि लिनक्स काय! यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावे. शिवाय एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, तार काढून, नदीपासून दूर दुसऱ्या जागी ठेवावी.

शेवटी एक काम याच महिन्यात करा. बॅकअपमधून मागच्या वर्षीची एखादी खतावणी किंवा रुग्णाची नोंद दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहा. ती उघडली, तर तुमची निवड योग्य. नाही उघडली, तर आजच कळले हे बरे. दुरुस्तीला अजून वेळ आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)